मोठ्या लेकीस

राहुरी, रविवार

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोन ठेवताना तू जे विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं. ‘आईच्या ऑपरेशनला जो फिरकला नाही, त्याच्यासाठी तुम्ही मटण केलंत? वर चर्चच्या मंडळीतल्या लोकांना जेवायला बोलावलंत?’ होय. तुझा भाऊ घरी परत आला, म्हणून केलं आणि बोलावलं. तुझ्या रागाला मी चुकीचा म्हणणार नाही. त्या रागाला पवित्र शास्त्रात जागा आहे, आणि ती साधीसुधी नाही.

लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला तू संडे स्कूलपासून ऐकत आलीस. धाकटा मुलगा वाटा घेऊन जातो, तो उडवतो, डुकरं राखताना त्यांच्या शेंगांवर पोट भरावं असं वाटण्याइतका उपाशी राहतो आणि परत येतो; बाप त्याला मिठी मारून मेजवानी देतो. उपदेशात आपण बहुतेक वेळा डुकरं, शेंगा आणि बापाची मिठी इथपर्यंत येतो आणि थांबतो. पण येशूने तो कशावरून सांगितला ते पाहा. परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते, की हा पाप्यांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो. नियम पाळणारी, देवळाची वाट कधी न सोडलेली ही माणसं. त्यांच्या कुरकुरीला दिलेलं ते उत्तर आहे. म्हणून शेताकडून दमून आलेला, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकून दारातच थबकलेला थोरला मुलगा त्या गोष्टीत फार मोलाचा आहे.

आता त्याच्या बाजूने हिशेब करून बघ. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा. म्हणजे दोन भावांत तिनातले दोन हिस्से थोरल्याचे, एक धाकट्याचा. धाकटा आपला हिस्सा घेऊन दूर देशी गेला आणि तो उडवून बसला. मग तो परत आला तेव्हा घरात जे उरलं होतं, ते पुढेमागे कुणाचं होणार होतं? तो उत्तम झगा, ती अंगठी, ते पुष्ट वासरू? सगळं थोरल्याच्या वाट्यातलं. त्याला मित्रांसोबत कधी एक करडूसुद्धा मिळालं नव्हतं, आणि इथे त्याला न विचारता त्याच्याच गोठ्यातलं वासरू कापलं गेलं. त्याचा राग नुसता मत्सर म्हणून मला कधीच वाटला नाही.

कृपा फुकट असते असं आपण सहज म्हणतो. घेणाऱ्याला ती फुकट असते. कुणीतरी तिची किंमत भरलेली असते, आणि येशूच्या मरणाची आठवण म्हणून दर प्रभुभोजनाला आपण भाकर हातात घेतो ती त्यासाठीच. तुझ्या भावाच्या परत येण्याची किंमत काही अंशी तू भरलीस, हे मला ठाऊक आहे. दवाखान्यातल्या रात्री तू काढल्यास, तुझी रजा गेली, पैसे गेले.

म्हणून व्यवहाराचं आधी सांगतो. त्या दाखल्यात बाप थोरल्याला म्हणतो, जे माझं ते सगळं तुझंच आहे. ती नुसती समजूत नव्हती, खराखुरा हिशेब होता. आपल्याकडेही तसंच राहील. ओढ्याकडचं रान त्याच्या वाट्याचं होतं, ते त्याने विकलं, विषय संपला. त्याच्या बदल्यात दुसरं मिळणार नाही, हे मी त्याला आल्या दिवशीच सांगितलं आणि त्याने मान खाली घालून ऐकलं. विहिरीजवळचं रान आणि घर तुझं, तसं मृत्युपत्र वकिलांकडे करून ठेवलं आहे. क्षमा केली म्हणजे झालेलं झालंच नाही असं मी मानत नाही. ओडिशात ग्रॅहम स्टेन्स कुष्ठरोग्यांची सेवा करायचे. जानेवारी 1999 मध्ये मनोहरपूर गावात जमावाने त्यांना आणि त्यांच्या दोन लहान मुलांना, फिलिप आणि तिमथीला, गाडीत जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जगासमोर सांगितलं, आणि बारीपद्यात कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटला मात्र चालला आणि शिक्षाही झाली. त्या बाईंपुढे आपल्या घरातलं दुखणं किती लहान, असं म्हणून मी तुझं तोंड बंद करणार नाही. दुखणं ज्याचं त्याला मोठंच असतं.

मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला सल्ला दिला: घरात घ्या, पण काही महिने तोंड पाहू नका, त्याला कळू द्या. हे शास्त्रातल्या दावीद राजाने करून पाहिलेलं आहे. त्याच्या मुलाने, अबशालोमाने, आपल्या भावाचा खून केला आणि तो पळाला. 3 वर्षांनी दाविदाने त्याला यरुशलेमेत येऊ दिलं, पण आपलं तोंड दाखवलं नाही. एकाच शहरात बाप आणि मुलगा 2 वर्षं एकमेकांना न पाहता राहिले. पुढे अबशालोमाने बंड केलं आणि त्यात तो मेला. मग दावीद रडला, की माझ्या मुला, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर! बंड त्या अबोल्यामुळेच झालं असं शास्त्र सांगत नाही. पण शास्त्रातल्या 2 शमुवेल या पुस्तकातलं ते रडणं वाचलं की मला ती 2 वर्षं आठवतात. अर्धी क्षमा मला द्यायची नव्हती. लूकमधला बाप मुलगा दूर असतानाच धावत निघतो. त्या काळात वयस्क, जमीनजुमला असलेला माणूस झगा सावरत भर रस्त्यात धावत नसे. हट्टी, बंडखोर मुलाला नगराच्या वेशीवर दगडमार करावी असंही नियमशास्त्रात लिहिलं होतं. गावाने त्या पोराला गाठण्याआधी बापाने त्याला गाठलं असावं, असं मला वाटतं. म्हणून मीही लोकांना जेवायला बोलावलं. चार माणसांनी त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघण्याआधी त्याला माझ्या शेजारी बसलेलं बघावं, एवढंच मनात होतं.

त्याला माफ कर असं मी तुला सांगणार नाही. माझ्या बाबतीत त्याने जे केलं त्याची क्षमा मी केली, आईने तिची केली. तुझं तुझ्याकडे आहे, तुझ्या वेळेने.

मात्र एक गोष्ट मनात रुतली. तू म्हणालीस, ‘मी एवढं केलं, मला काय मिळालं?’ तो थोरलाही म्हणाला होता, की इतकी वर्षं तुमची चाकरी करतोय. घरात राहून तो स्वतःला चाकर समजत होता. ताई, तू आईच्या उशाशी बसलीस म्हणून तू आम्हाला प्रिय नाहीस. तू बसली नसतीस, तू दूर निघून गेली असतीस, तरी तुझ्यासाठीही मी असाच धावलो असतो. तुझ्या भावाला मिळाली त्यापेक्षा वेगळी किंवा कमी माया तुझ्या वाट्याला नाही. ती तुला काम करून मिळवावी लागलेली नाही आणि मिळवावी लागणारही नाही.

दाखल्यातला बाप दुसऱ्यांदाही घराबाहेर येतो. पंगत चालू असताना, पाहुणे बसलेले असताना, दारात रुसून उभ्या असलेल्या थोरल्याची मनधरणी करायला. थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलं नाही.

नाताळला तू येणार नाहीस म्हणालीस. ठीक आहे. शनिवारी सकाळच्या एसटीने मीच पुण्याला येतो. एकटा येतो, त्याला आणत नाही. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी केली आहे. तुझी ड्यूटी सुटायची वेळ कळव, मी खालीच थांबेन.

तुझा,
पप्पा