विमानप्रवासाचा वेळ: दोन्ही दिशांचे आकडे द्यावेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या वृत्तपत्रात परदेशी शिक्षणाच्या माहितीबरोबर हल्ली तक्त्यात दोन शहरांतील हवाई अंतर दिले जाते आणि त्याला विमानाच्या वेगाने भागून आलेला आकडा प्रवासाचा वेळ म्हणून सांगितला जातो. हा हिशेब सोपा असला, तरी मुलांना पहिल्यांदाच विमानात बसवणाऱ्या मराठवाड्यातील पालकांच्या तो फारसा उपयोगाचा नाही.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजल्यास सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हे उड्डाण पश्चिमेकडे अटलांटिकवरून नेण्याऐवजी पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून नेले, तेव्हा विमानाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर साडेचौदा तासांत कापले. अटलांटिकवरचा आधीचा मार्ग हजारावर किलोमीटरने कमी असूनही त्याला याहून जास्त वेळ लागत असे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे, हिवाळ्यात अधिकच जोर धरणारे वारे याला कारणीभूत आहेत. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारे विमान लवकर का पोहोचत नाही, असे मुले विचारतात (मोठेही विचारतात, पण दबक्या आवाजात). हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने तो फायदा मिळत नाही. उलट या वाऱ्यांमुळे मुंबईहून लंडन किंवा न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा साधारणपणे तासभर तरी अधिक लागतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा घालावा लागला. शहरे जागची हलली नाहीत, वेळ मात्र वाढला.

तिकिटावरील वेळा स्थानिक असतात, याचाही उल्लेख हवा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते, हिवाळ्यात साडेदहा. त्यामुळे जुलैमध्ये मुंबईहून रात्री दीडला निघून तिथे सकाळी साडेसातला उतरणारे विमान कागदावर सहा तासांचे वाटते. प्रत्यक्षात ते साडेपंधरा तास आकाशात असते.

आणखी एक बाब. असे तक्ते बहुधा मुंबई धरूनच केलेले असतात. नांदेडहून हैदराबादचे शमशाबाद विमानतळ रस्त्याने सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे, मुंबई त्याच्या दुपटीवर. देगलूर-उदगीरकडच्यांना तर हैदराबाद आणखी सोयीचे. तेथून लंडनला थेट, तर दुबई किंवा दोहा येथे विमान बदलून अमेरिकेला जाता येते. तेव्हा यापुढे जाण्याचा व येण्याचा वेळ वेगवेगळा छापावा, तो वेळापत्रकातून घ्यावा आणि मराठवाडा आवृत्तीत मुंबईशेजारी हैदराबादचाही रकाना ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नांदेड