घोड्याच्या कंडरेतले कोलॅजन आणि परत गेलेल्या मुली : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मंत्रालय, मुंबई
(प्रत : मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण)

विषय : प्लेटलेटच्या कार्यचाचणीसाठी लागणाऱ्या कोलॅजनचा पुरवठा

महोदय,
स. न. वि. वि.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रक्तविकार प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. औषधांच्या तुटवड्याच्या तक्रारी आपल्याकडे रोज येत असतील. माझी तक्रार बोटभर उंचीच्या एका बाटलीची आहे. तिच्यात घोड्याच्या कंडरेतून, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीतून, काढलेले कोलॅजन नावाचे प्रथिन असते. ती संपली की आमची एक चाचणी बंद पडते. त्याची ओरडही होत नाही, कारण ज्यांची चाचणी व्हायची ती माणसे तोवर गावी परत गेलेली असतात.

त्यांत बऱ्याचदा मुली असतात. पाळी सुरू झाल्यापासून अंगावरून जाणे थांबत नाही, हिमोग्लोबिन पाच-सहावर येते, रक्त चढवून घरी पाठवतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या कणिका, मोजाव्यात तर अडीच लाख, म्हणजे पुरेशा. रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या, पीटी आणि एपीटीटी, त्याही नॉर्मल. रिपोर्टात काही नाही म्हटल्यावर घरचे देवऋष्याकडे वळले, तर त्यांना तरी काय बोलणार?

मस्टरवर सही आहे, पण माणूस जागेवर नाही, हा प्रकार सरकारी कार्यालयांत आपल्याला नवा नाही. प्लेटलेटचेही तसे होऊ शकते. ग्लान्झमन नावाच्या आजारात त्या संख्येने पुरेशा असतात, पण एकमेकींना चिकटत नाहीत. स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमन यांनी १९१८ मध्ये तो नोंदवला. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच तो होतो, म्हणून नात्यात लग्ने होणाऱ्या घरांत तो जास्त दिसतो. आत्या-मामाच्या मुलांची लग्ने आपल्याकडे किती भागांत होतात, हे आपणांस ठाऊक आहेच.

आता कोलॅजन कशाला, ते सांगते. आपल्या रक्तवाहिनीच्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे असतात. वाहिनी कापली गेली की प्लेटलेटना ते धागे उघडे दिसतात, त्या तिथे चिकटतात आणि बाकीच्यांना बोलावतात. हीच घटना आम्ही काचेच्या नळीत घडवतो. रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटच्या नळीत रक्त घ्यायचे, सावकाश फिरवून वरचा गढूळ, प्लेटलेटने भरलेला प्लाझ्मा काढायचा, ३७ अंशांवर ढवळत ठेवायचा आणि त्यात कोलॅजन टाकायचे, तेही एका मिलिलिटरला फक्त दोनेक मायक्रोग्रॅम. सुमारे मिनिटभर काहीच होत नाही. मग यंत्रावरच्या आलेखाची रेघ वळते, गढूळपणा जातो, प्रकाश आरपार येऊ लागतो. ग्लान्झमनच्या रुग्णात ती रेघ सपाटच राहते. गुस्ताव बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर प्रमाण मानली जाते.

निदान झाले म्हणजे काय फरक पडतो? खूप पडतो. अशा रुग्णाला ऊठसूट प्लेटलेट चढवल्या तर शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि बाळंतपणात किंवा शस्त्रक्रियेत खरी गरज पडते तेव्हा चढवलेल्या प्लेटलेट वाया जातात. हे वेळीच कळले तर रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रानेक्झॅमिक अॅसिडसारख्या साध्या गोळीवर बरेच निभावता येते.

आणि हा नमुना कुरिअरने पाठवता येत नाही. रक्त काढल्यापासून चार तासांच्या आत काम उरकावे लागते, बर्फात ठेवलेले चालत नाही. म्हणून मुलीलाच यावे लागते. मागे एक जण मराठवाड्यातून रात्रीच्या गाडीने बापाबरोबर आली. वाटेत पोट दुखले म्हणून तिला ब्रुफेन दिलेली. या गोळीने कोलॅजनची रेघ दबते, त्यामुळे काही दिवस थांबायला सांगितले. ते कुठल्यातरी नातेवाइकाकडे थांबले. परत आले तेव्हा आमच्याकडची बाटली कालबाह्य झाली होती आणि नवी आली नव्हती. बापाने विचारले, "मग आता कुठं जायचं?"

नवी का येत नाही, तर एका रुग्णालयाला वर्षाला लागतात दोन-चार बाटल्या. एवढ्याशा मागणीला पुरवठादार निविदाच भरत नाहीत. मग फेरनिविदा. कधीकाळी माल आला तर मुदत संपायला थोडेच महिने उरलेले असतात. एकदा तर भांडारात कोणीतरी काळजीपोटी बाटली फ्रीझरमध्ये ठेवली. कोलॅजन गोठले की धागे बिघडतात, मग ते टाकूनच द्यावे लागते.

माझे म्हणणे एवढेच की, सगळ्या सरकारी महाविद्यालयांची मागणी एकत्र करून एकच दरकरार व्हावा, त्यात शिल्लक मुदतीची आणि शीतसाखळीची अट असावी आणि माल टप्प्याटप्प्याने यावा. चाचणी प्रत्येक जिल्ह्यात नको, प्रत्येक महसुली विभागात एका ठिकाणी असली तरी पुष्कळ. पण जिथे असेल तिथे ती बंद पडता कामा नये.

दुसरी गोष्ट जरा वेडगळ वाटेल. घोडा आपल्याकडे खाण्याच्या जनावरांत मोडत नाही, त्यामुळे त्याची कंडरा कत्तलखान्यातून मिळायची नाही. गोवंशाची वाट २०१५ च्या कायद्याने बंद आहे. पण सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी हाफकिनने पिंपरीला पिढ्यान्‌पिढ्या घोडे पाळले. म्हातारा होऊन मेलेल्या घोड्याची कंडरा वापरता येईल का, की म्हशीची चालेल, हे तज्ज्ञांनी तपासावे. परळला हाफकिन, पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि केईएमच्या आवारातली आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांना एका टेबलाशी बसवायला फार मोठा निधी लागणार नाही. कृत्रिम पेप्टाइडचा, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाच्या तुकड्याचा, पर्याय आहे, पण तो प्लेटलेटच्या एकाच ग्राहीवर, म्हणजे पृष्ठभागावरच्या संदेश घेणाऱ्या एकाच जागेवर, काम करतो. नैसर्गिक कोलॅजन एकाहून अधिक ग्राहींशी जुळते, म्हणून तूर्त प्राण्यावाचून सुटका नाही.

प्राण्यांचे नाव निघाले की काही रुग्ण बिचकतात. "हे अंगात जाणार का?" असे एका आजींनी विचारले होते. नाही जाणार, सगळा खेळ नळीतच. पण प्रश्न रास्त आहे. बाटलीवर मूळ प्राण्याचे नाव मराठीत छापून यावे आणि विचारणाऱ्याला ते स्पष्ट सांगावे, असे मला वाटते. घोणस चावून दरवर्षी आपली माणसे दगावतात आणि तिच्याच विषापासून केलेल्या अभिकर्मकाने (चाचणीच्या रसायनाने) आम्ही रक्ताची एक वेगळी चाचणी करतो, हे ऐकल्यावर त्या आजी हसल्या आणि हात पुढे केला.

दरकरारासाठी लागणारा तांत्रिक तपशील आम्ही तंत्रज्ञ मंडळी एका आठवड्यात लिहून देऊ शकतो. फक्त तो कोणत्या टेबलावर पाठवायचा, तेवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपली,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ