ट्रंकेतली पत्रं उघडताना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

ट्रंकेतली पत्रं आणि फोटो एकदाचे स्कॅन होऊन ऑनलाइन चढले. लिंक दोघांच्याही फोनवर पाठवली आहे. पासवर्ड इथे लिहीत नाही, फोनवर सांगेन.

बाबा, तुम्ही पहिल्यांदा काय कराल ते मला ठाऊक आहे. वरच्या शोधाच्या चौकटीत आजोबांचं नाव टाकाल आणि 'यात काहीच नाही' म्हणून मला फोन लावाल. ती चौकट फक्त टाइप केलेलं वाचते. आजोबांचं अक्षर म्हणजे तिच्या लेखी नुसतं चित्र. छापील मजकूर कॉम्प्युटरला बऱ्यापैकी कळतो, पण शाई फिकी पडलेलं आणि मागच्या पानावरचं उमटलेलं हस्ताक्षर त्याला झेपत नाही. तेव्हा आधी डावीकडचं वर्ष निवडा. फाइलींना नावं देताना वर्ष, महिना, दिवस असा क्रम धरलाय, उदाहरणार्थ १९६८-०५-१४. त्यामुळे त्या आपोआप काळाप्रमाणे लागतात. फोटोखाली जी तारीख दिसते ती मात्र स्कॅन केल्याची आहे. तिच्यावर विश्वास ठेवलात तर आत्या गेल्या महिन्यात रांगत होती असं व्हायचं!

पत्रावर तारीख नसेल तर पुढचं पान उघडा, तिथे पाकीट आहे. पोस्टाच्या शिक्क्यावरून निदान वर्ष तरी लागतं. फोटोंच्याही मागच्या बाजू घेतल्यात. एकीवर निळ्या पेन्सिलीने 'डावीकडून' एवढंच लिहिलंय, आणि नावं असलेला कोपरा नेमका फाटलेला. पुढच्या बाजूला सात जणी, सगळ्या उन्हाने डोळे बारीक केलेल्या.

आई, हे काम तुझं. प्रत्येक फोटोखाली टीप लिहायला जागा आहे. टाइप करायचा कंटाळा आला तर माइकचं चिन्ह दाबून नुसतं बोल, मराठीत उमटतं. चुकीचं उमटलं तरी असू दे, मी नीट करीन. कोण, कुणाची कोण, आणि तुला आठवेल ते. तू सांगशील तेवढंच बाबांच्या त्या चौकटीला पुढे सापडणार आहे. चेहरे ओळखायची सोय यात आहे, पण लहान मुलांपुढे ती हात टेकते. तुझे आणि माझे लहानपणचे फोटो तिने एकाच मुलीच्या नावावर टाकले होते. वेगळे करताना जिवावर आलं, खरं सांगते.

१९७०च्या सुमाराचे रंगीत फोटो तांबूस दिसतील. दोष स्कॅनरचा नाही. त्या प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवला तरी आधी उडतो. कृष्णधवल फोटोत चांदी असते, म्हणून आजीचे त्याहून जुने फोटो अजून ठणठणीत आहेत. रंग सुधारलेल्या प्रती शेजारी ठेवल्यात, मूळ स्कॅनला हात लावलेला नाही.

आणि कृपा करून, 'आता कॉम्प्युटरवर आलंय' म्हणून ट्रंक रिकामी करू नका. पत्रं माळ्यावर नकोत, तिथे उकाडाही असतो आणि ओलही. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतील. ते मी पानासकटच घेतलेत.

राहिला तुम्ही लग्नाआधी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांचा गठ्ठा. स्कॅन केलाय, वाचलेला नाही. पानं लावताना मायना आणि तारीख दिसली, तेवढंच. तो कप्पा तुमच्या दोघांपुरताच उघडतो, दादाला दिसणार नाही. ठेवायचा, नातवंडांसाठी खुला करायचा की पुसून टाकायचा, ते तुम्ही ठरवा. आई 'पुसून टाक' म्हणेल आणि बाबा 'राहू दे' म्हणतील असा माझा अंदाज आहे, तर आधी तुमचं एकमत होऊ दे. तोवर मी काही करत नाही.

तुमची,
धाकटी