बाटलीवर कॅन्सरचं नाव का नाही?

मा. संपादक साहेब, स.न.

गटारीला तुमच्या पेपरात मटणाचे भाव, वाइन शॉपसमोरच्या रांगा, नाकाबंदी सगळं आलं, वाचायला मजा आली, पण एक गोष्ट दरवर्षी राहून जाते म्हणून हे पत्र. दारूने लिव्हर जातं हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहितीय, पण दारूने कॅन्सर होतो म्हटलं की लोक म्हणतात छे हो, तो तंबाखूने होतो.

माझ्या मामांना मागच्या वर्षी अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. आधी भाकरी अडकायला लागली, मग चहात बुडवलेली चपाती, मग पेजसुद्धा उतरेना. तंबाखू नाही, सुपारी नाही, फक्त रोज संध्याकाळी एक नाइन्टी, ती पण स्टीलच्या मापाने मोजून. डॉक्टरांनी दारूचं विचारलं तर मामी म्हणाली, लिमिटमध्ये घेतात. दारूनेच झाला असं छातीठोक मी म्हणणार नाही, एकेका माणसाचं तसं सांगता येत नाही, पण तेव्हापासून वाचायला लागलो आणि चाटच पडलो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्या गोष्टींत टाकलंय, तंबाखूच्याच पंगतीत. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन, एवढ्या ठिकाणी. पोटात गेलेल्या अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन बनतं आणि ते पेशीतल्या डीएनएची वाट लावतं, मग ती हातभट्टी असो की ड्युटी फ्रीची. आणि ते 'बिअर म्हणजे काय दारू आहे का' म्हणणारे, त्यांच्यासाठी हिशोब: ८ टक्केवाल्या ६५० मिलीच्या स्ट्राँग बाटलीत साधारण ४१ ग्रॅम अल्कोहोल, ६० च्या पेगमध्ये २०. म्हणजे बाटली संपली की दोन लार्ज झाले! वर सिगरेट ओढली की धोक्याची बेरीज नाही, गुणाकार होतो.

आता गंमत बघा, आपल्या राज्यात दारू प्यायला १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो आणि तो मिळतो कशासाठी, तर प्रकृती राखण्यासाठी! हसू नका, खरंच. सिगरेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने भरलेला, बघवत नाही इतकं भयंकर चित्र, आणि बाटलीवर नुसतं 'आरोग्यास हानिकारक', कॅन्सर शब्दच नाही. आयर्लंडसारख्या पिणाऱ्यांच्या देशाने २०२३ मध्ये लेबलवर कॅन्सर लिहायचा नियम केला, अंमलबजावणी लांबली ती गोष्ट वेगळी.

सरकार करेल तेव्हा करेल, तुम्ही निदान पुढच्या गटारीला मटणाच्या भावाशेजारी एक चौकट टाका. मामांना आता नळीतून देतात सगळं, आणि नंतर नळी धुवायचं पाणी मामी मोजते त्याच स्टीलच्या मापाने.

– एक वाचक, कराड