नर्सिंगला चारच ओळी का?

मा. संपादक,

बारावीचा निकाल लागला की करिअरच्या पुरवण्या येतात, त्यात इंजिनीअरिंगला दोन पानं, डॉक्टरकीला दोन पानं आणि नर्सिंगला कोपऱ्यात चार ओळी, त्यापण 'सेवाभावी मुलींसाठी उत्तम क्षेत्र' छापाच्या. मी परळला एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये 22 वर्षं सिस्टर आहे. सेवाभाव ठीक आहे हो, पण पोरींना जे विचारायचं असतं ते कुठेच छापून येत नाही. माझी भाची चिपळूणहून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आलीये, माझ्याकडेच राहते आणि एकाच वेळी चार परीक्षांचा अभ्यास करतेय. चारही अर्धवट.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे पास झाल्यावर लायसन्सची वेगळी परीक्षा नाहीये. जीएनएमची 3 वर्षं किंवा बीएस्सीची 4 वर्षं झाली, पास झालात, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे रजिस्ट्रेशन केलंत की तुम्ही नर्स. म्हणूनच खरी काळजी अ‍ॅडमिशनच्या वेळी घ्यायची, कॉलेजला मान्यता नसेल तर सर्टिफिकेट नुसतं फ्रेम करून लावायच्या कामाचं.

परीक्षा येते ती पुढे. सरकारी नोकरीसाठी एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा, तिथे बीएस्सीवाल्यांना अनुभवाची अट नाही पण जीएनएमवाल्यांना किमान 50 बेडच्या हॉस्पिटलमधला 2 वर्षांचा अनुभव लागतो, आणि चुकलं तर एक तृतीयांश मार्क कापतात. म्हणजे भाचीबाईंना आज फॉर्मच भरता येत नाही आणि बाई नॉरसेटचे प्रश्नसंच घेऊन बसल्यात! अमेरिकेची एनक्लेक्स, म्हणजे तिकडची नर्सच्या लायसन्सची परीक्षा, अगदी उलट. कमीत कमी 85, जास्तीत जास्त 150 प्रश्न, 5 तास, आणि तुम्ही कसं उत्तर देता ते बघून कॉम्प्युटर पुढचा प्रश्न काढतो. तिथे पाठांतर चालत नाही. चार पेशंट देतात आणि विचारतात, आधी कोणाकडे जाल?

परवा असाच प्रश्न होता. एकाला डिस्चार्जची घाई, एकाची शुगर 180, एक दुखतंय म्हणून ओरडतोय आणि मांडीचं हाड मोडलेला एकजण अचानक बेचैन झालाय. भाची म्हणाली ओरडणाऱ्याकडे. मला माझी एक नाईट आठवली, ऑर्थोच्या वॉर्डात तसाच एक तरुण मुलगा उगाच चादर ओढत होता, काहीतरी असंबद्ध बोलत होता, नातेवाईक म्हणाले झोप नाही म्हणून करतोय, मी बोटाला प्रोब लावला तर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, फक्त 84. हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तातून फुप्फुसात जाऊ शकतात, आणि ऑक्सिजन कमी पडला की माणूस आधी बेचैन होतो. ओरडणारा पेशंट निदान ओरडतोय तरी. हे पुस्तकात आहेच, पण एकदा डोळ्यांनी बघितलं की जन्मात विसरत नाही.

म्हणून मी तिला म्हटलं, आधी 2 वर्षं वॉर्ड कर, आयसीयू मिळालं तर सोन्याहून पिवळं. तेवढ्यात नॉरसेटची अट पण पुरी होते. परदेशाचं नंतर बघू. पण कुठे जायचं ते एक ठरव. इंग्लंड असेल तर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला 7 लागतात, रायटिंगला साडेसहा चालतात, मग सीबीटी (कॉम्प्युटरवरची परीक्षा) इथे देता येते पण ओएससीई (प्रॅक्टिकल) तिकडे जाऊनच. मराठी मीडियमच्या पोरी इंजेक्शनला घाबरत नाहीत, या 7 ला घाबरतात. त्याला रोज इंग्रजीत हॅण्डओव्हर (ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती) देण्याची सवय हाच उपाय, केरळच्या सिस्टरांबरोबर ड्युटी केलीत तर आपोआप होते (मल्याळमपण थोडं येतं).

आणि बॉण्डच्या नावाखाली ओरिजिनल सर्टिफिकेटं कोणाकडे ठेवू नका. माझ्या एका मैत्रिणीची तिच्या पहिल्या हॉस्पिटलने अशीच अडकवून ठेवलेली, ऐन व्हिसाच्या वेळी रडकुंडीला आली.

भाचीने ऐकलं, बहुतेक. सध्या अभ्यास बंद आणि सरकारी गॅझेटमध्ये नावदुरुस्तीची धावपळ चालू आहे, कारण दहावीच्या मार्कशीटवर आणि पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, आणि गल्फला जायचं तर डेटाफ्लोवाले (सर्टिफिकेटं खरी आहेत का ते तपासणारी कंपनी) अक्षर न् अक्षर तपासतात. पुढच्या पुरवणीत निदान एवढं तरी छापा.

— एक सिनियर सिस्टर, लालबाग