कात्रणं एकाच पोत्यात कोंबू नका

महोदय,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मी कटिंग मास्टर आहे. शाळा उघडण्याआधी आमच्या टेबलावर नेव्ही ब्लू, राखाडी, पांढऱ्या कापडाचे थरावर थर पडतात. मशीन फिरलं की गळ्याचे गोल, मुंढ्याच्या चंद्रकोरी, कडेच्या पट्ट्या उरतात. सगळं कोरं कापड! संध्याकाळी ते झाडून एकाच पोत्यात भरलं जातं. त्यातच चहाचे कप आणि मशीन पुसलेली तेलकट फडकी. मग पोतं कचऱ्यात. मला ते बघवत नाही.

पानिपतमध्ये अशाच चिंध्यांवर आणि जुन्या कपड्यांवर मोठा धंदा उभा आहे. तिथं कापड रंगाप्रमाणे निवडतात, बटणं-चेन काढतात, तुकडे करून दातेरी रुळांवर पिंजतात. पिंजताना तंतू आखूड होतो, म्हणून थोडा नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळून ओपन-एंड या सूतकताईच्या मशीनवर जाड सूत काढतात. निळ्या चिंधीचं सूत निळंच निघतं, पुन्हा रंगवायला नको. म्हणजे रंगाईचं पाणीही वाचतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या सोलापूरला ते किती मोलाचं आहे!

पण सगळी मदार निवडण्यावर आहे. सुती वेगळं, टेरीकॉट म्हणजे पॉलिस्टर-सुती मिश्र कापड वेगळं, ताणणारा लायक्रा धागा असलेलं तर त्याहून लांब, कारण ते नीट पिंजलंच जात नाही. एकदा पोत्यात मिसळलं की कुठला तुकडा कशाचा हे हाताला कळत नाही. थर लावताना मात्र आम्हाला ते पक्कं ठाऊक असतं. टेबलाशेजारी वेगवेगळी पोती टांगायची, एवढंच काम आहे.

आपल्या भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीत हे सूत घाला, असं मी मुळीच म्हणत नाही. तिची पत तशीच राहिली पाहिजे. पण सतरंज्या, पायपुसणी, फरशीची फडकी यांना जाड सूत चालतं, आणि यंत्रमाग व विणकर तर इथेच आहेत.

गारमेंट आणि यंत्रमाग कारखानदारांच्या संघटनांनी मिळून पिंजण्याचं एक सामायिक यंत्र एमआयडीसीत बसवावं. महापालिकेनं कात्रणांसाठी वेगळी गाडी द्यावी, ओल्या कचऱ्यात ती जाऊ देऊ नयेत. यंत्राला वेळ लागेल. पोती मात्र मालकांनी याच हंगामात टांगावीत.

— एक कटिंग मास्टर, नीलमनगर, सोलापूर