दरपत्रकाशेजारी सोयींचाही फलक लावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात माझ्या मुलीला जुळं झालं. दोघी मुली, आता रांगतात. तिच्यासाठी रुग्णालय शोधताना मी जी वणवण केली ती आमच्या अकोले तालुक्यातल्या प्रत्येक घराला जमणारी नाही, म्हणून हे पत्र.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. मुलगी-जावई नोकरीनिमित्त चाकणला असतात. सातव्या महिन्यात ओटी भरून तिला घेऊन यायचं आणि माझी दोन्ही बाळंतपणं जिथं झाली त्याच दवाखान्यात नाव घालायचं, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. १२व्या आठवड्यात जुळं असल्याचं कळलं, तरी बेत तोच राहिला. मी फक्त दुपटी जोडीनं शिवायला घेतली.

सोनोग्राफीच्या कागदावर मात्र आणखी एक ओळ होती : वार (पोटातल्या बाळाला आईकडून पोषण पुरवणारा अवयव) एकच. तिचा अर्थ चाकणच्या डॉक्टरबाईंनी मला फोनवर समजावला. दोन बाळांत एकच वार असेल तर तिच्यातल्या रक्तवाहिन्यांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ शकतं, म्हणून १६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करावी लागते. वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांत स्पष्ट दिसतं, पुढे ओळखणं अवघड जातं. जुळ्यांतली निम्म्याहून अधिक बाळं ३७ आठवडे भरण्याआधीच जन्मतात, हेही त्यांनीच सांगितलं. मुलगा की मुलगी हे सांगायला १९९४च्या कायद्यानं बंदी आहे, तरी येणारं-जाणारं माणूस आडून आडून तेच विचारत होतं. वारेबद्दल एकानंही विचारलं नाही.

मग मी चौकशीला निघाले. आमच्या जुन्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बसवून घेतलं आणि सरळ सांगितलं, “बाई, सिझर मी करीन. पण बाळं कमी वजनाची निघाली तर माझ्याकडे वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारं यंत्र, एकच आहे. भूलतज्ज्ञ संगमनेरहून येतात, रक्तही तिथूनच आणावं लागतं. ही जोखीम मी तुमच्या लेकीवर घालणार नाही.” गिऱ्हाईक परत पाठवणाऱ्या त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पुढचं रुग्णालय तालुक्याबाहेरचं, मोठं. पाटीवर ‘सर्व सोयींनी युक्त एनआयसीयू’, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. मी काउंटरवर विचारलं : बाळाला धाप लागली तर सीपॅप, म्हणजे नाकातून दाबानं हवा देणारं यंत्र, आहे का? रात्री बाळांचे डॉक्टर इथंच असतात का? एकाच वेळी दोन बाळांना जागा मिळेल का? बराच वेळ फोनाफोनी झाली. शेवटी कळलं की डॉक्टर सकाळ-संध्याकाळ फेरीला येतात, व्हेंटिलेटर लागला तर बाळ नाशिकला पाठवतात, आणि दोन्ही बाळं अत्यवस्थ झाली तर एकाला हलवावंच लागेल. म्हणजे आई टाके घेऊन इथं पडलेली, एक लेकरू तिच्याजवळ आणि दुसरं ॲम्ब्युलन्समध्ये. हे त्या पाटीवरून कुणाला कसं कळावं?

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या पहाटे लागलेल्या आगीत १० तान्ही बाळं गेली. ते मनातून जात नाही. म्हणून आगीच्या दृष्टीनं तपासणी कधी झाली, हेही मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. दोन ठिकाणी उत्तर न देता माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

शेवटी नाशिकच्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात नाव घातलं. घरापासून अडीच तासांचं अंतर, म्हणून ३२व्या आठवड्यातच जवळ खोली भाड्यानं घेतली आणि कुकर, अंथरुणं, डिंकाचे लाडू घेऊन मी लेकीबरोबर तिथं राहायला गेले. माझी ८२ वर्षांची आई रुसली. तिला म्हटलं, पोरीची आई तिच्याजवळ आहे, मग माहेरीच आली ना ती.

३३व्या आठवड्यात पोटात दुखू लागलं तेव्हाच बाळांच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. ३४व्यात सिझर झालं. थोरली १ किलो ९०० ग्रॅम, धाकटी १ किलो ६५०. धाकटीला तीन दिवस सीपॅप लागला. मुलीला रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या, त्या त्याच इमारतीतून आल्या. पोरी १८ दिवस आत होत्या. लेक, जावई आणि मी पाळीपाळीनं त्यांना उघड्या छातीशी धरून कांगारू पद्धतीनं ऊब द्यायचो. महिना भरायच्या आत त्यांच्या डोळ्यांचा पडदा तपासला. अकाली जन्मलेल्या बाळांचा पडदा बिघडून दृष्टी जाऊ शकते, हे माझ्या प्रश्नांत नव्हतंच.

आमच्याकडे निवृत्तिवेतन होतं, निभावलं. पण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी आणि आजारी नवजात बाळावरचे उपचार मोफत आहेत, जिल्हा रुग्णालयात कमी वजनाच्या आणि आजारी नवजात बाळांसाठी एसएनसीयू हा खास कक्ष असतो, हे मला आमच्या आशाताईंकडून फार उशिरा समजलं. त्या दाराशी मी चौकशीलाही गेले नाही, याची रुखरुख आहे. राजूर-भंडारदऱ्याकडच्या वाड्यांवरच्या लेकींना तर तोच आधार.

२०२१मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की प्रसूती करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला, सरकारी असो वा खासगी, त्याच्याशेजारी आणखी एक फलक लावायला सांगावं : वॉर्मर किती, सीपॅप आणि व्हेंटिलेटर आहेत का, बाळांचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ रात्री हजर असतात की बोलावल्यावर येतात, रक्त कुठून येतं, बाळांच्या डोळ्यांची तपासणी होते का, आगीची तपासणी कोणत्या तारखेला झाली. तारखेसह आणि मराठीत.

तोपर्यंत अकोले आणि संगमनेरमधल्या रुग्णालयांत जाऊन हेच प्रश्न विचारून मी एका वहीत उत्तरं लिहून घेते आहे. आजवर अकरा ठिकाणं झाली. पुढच्या महिन्यात वहीच्या झेरॉक्स काढून आमच्या भागातल्या आशाताईंना देणार आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
अकोले, जि. अहिल्यानगर